दुसऱ्याच्या थकबाकीत अडकलेली गाडी: एक्सॉल विरुद्ध पार्ट्रिज (१७९९) आणि कायदेशीर सक्तीचा अर्थ

एक्सॉल नावाच्या एका गृहस्थाने आपली घोडागाडी पार्ट्रिजच्या जागेत त्याच्या देखरेखीखाली ठेवली होती. पार्ट्रिजचा धंदा गाड्या बनवण्याचा. जागा त्याच्या मालकीची नव्हती, भाडेपट्ट्याची होती, आणि भाडे थकलेले होते. जागामालकाने थकबाकीपोटी एक्सॉलची गाडी जप्त केली. गाडी सोडवायची तर भाडे चुकते करणे भाग होते. एक्सॉलने पैसे भरले, गाडी ताब्यात घेतली आणि भरलेली रक्कम परत मिळावी म्हणून दावा लावला. १७९९ साली इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाने त्याचा निकाल दिला. छापील अहवालात हा निकाल मोजक्या पानांचाच आहे. तरीही एकाचे देणे दुसऱ्याने ‘सक्तीने’ भरले असे कायदा केव्हा मानतो, या प्रश्नाची चर्चा इंग्रजी कायद्यात आजही याच प्रकरणापासून सुरू होते.

विद्यार्थी सहसा या निकालाचे एक वाक्य पाठ करतात: सक्तीने भरलेले पैसे मूळ देणेकऱ्याकडून परत मिळतात. वाक्य चूक नाही, पण सक्ती कशाला म्हणायचे ते त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी गाडी अडकली कशी, इथपासून सुरुवात करावी लागते.

गाडी का अडकली

भाडे थकले की कोर्टाची पायरी न चढता भाडेकरूच्या जागेतला माल अडकवून ठेवायचा, हा इंग्लंडमधल्या जागामालकाचा फार जुना हक्क. माल कुणाचा आहे याच्याशी त्याला सहसा कर्तव्य नसे. भाड्याच्या जागेत जे सापडेल ते भाड्याला जामीन, असाच हिशेब होता. शेजाऱ्याचे कपाट असो, पाहुण्याची पेटी असो की गिऱ्हाइकाची गाडी, सगळे त्यात येई. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच यायचे, जप्त मालाची यादी करायची, भाडेकरूला नोटीस द्यायची, अशी रीत ठरलेली होती. सुरुवातीला माल फक्त अडकवून ठेवता येई. १६८९ च्या कायद्याने तो विकण्याचीही मुभा दिली: नोटिशीनंतर पाच दिवसांत भाडेकरूने किंवा मालाच्या धन्याने हालचाल केली नाही, तर शपथ घेतलेल्या दोन मूल्यमापकांकडून किंमत ठरवून माल विकायचा, भाडे व खर्च वळते करून घ्यायचे आणि उरलेले धन्यासाठी ठेवायचे.

काही माल यातून सुटे. कारागिराच्या धंद्यानुसार त्याच्याकडे काम करण्यासाठी दिलेल्या वस्तू अडकवता येत नसत. शिंप्याकडे शिवायला दिलेले कापड, लोहाराकडे नाल ठोकायला आणलेला घोडा, गिरणीत दळायला टाकलेले धान्य ही त्याची ठरलेली उदाहरणे. लोकांनी विश्वासाने कारागिराकडे वस्तू न्याव्यात आणि धंदा चालावा, यासाठी ही सवलत होती. पण नुसती ठेवायला दिलेली वस्तू तिच्यात बसत नसे. १७६४ मध्ये, लॉर्ड मॅन्सफिल्ड मुख्य न्यायाधीश असताना, ‘फ्रान्सिस विरुद्ध वायट’ या प्रकरणात भाडोत्री तबेल्यात उभी करून ठेवलेली गाडी जप्त करता येते असे ठरले होते. एक्सॉलच्या खटल्यात जप्ती बेकायदा होती असा मुद्दाच कुणी काढला नाही. मालकाने हक्काने गाडी धरली, हे सगळ्यांनी गृहीत धरले.

पुढचे सगळे याच गृहीतावर उभे आहे. मालकाची जप्ती बेकायदा असती तर प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले असते आणि एक्सॉलला पार्ट्रिजच्या मागे लागण्याची गरज पडली नसती.

प्रतिवादी एक नाही, तीन

एक्सॉलने एकट्या पार्ट्रिजवर दावा लावला नाही. मूळ भाडेपट्टा तिघांनी मिळून घेतला होता आणि भाडे भरण्याची लेखी हमी तिघांनी मिळून दिली होती. पुढे दोघांनी आपला हिस्सा पार्ट्रिजच्या नावे करून दिला आणि ते बाजूला झाले. जागेत राहिला तो एकटा पार्ट्रिज.

आपसात त्यांनी काहीही ठरवले तरी मालकाच्या दृष्टीने ते दोघे सुटले नव्हते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात मूळ भाडेकरूने पट्ट्यात दिलेली हमी पट्ट्याच्या मुदतीपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसलेली असे, मधल्या काळात जागा कितीही जणांच्या हातातून गेली तरी. (ही स्थिती किती चिवट होती याचा अंदाज यावरून येईल, की इंग्लंडने ती नव्या पट्ट्यांपुरती बदलली ती १९९५ च्या कायद्याने.) म्हणजे भाड्याचे देणे तिघांचे होते, गाडी सांभाळण्याचा व्यवहार एकाशी होता, आणि पैसे भरणारा या दोन्हींच्या बाहेरचा होता.

सुनावणी आधी लॉर्ड केन्यन यांच्यापुढे झाली. १७८८ मध्ये मॅन्सफिल्ड यांच्या जागी आलेले हे मुख्य न्यायाधीश. त्यांना वाटले की हे पैसे फार तर पार्ट्रिजसाठी भरले गेले, उरलेल्या दोघांसाठी नव्हेत. तिघांवर मिळून लावलेला दावा म्हणून त्यांनी टिकू दिला नाही. एक्सॉलचे वकील पूर्ण पीठापुढे गेले.

केन्यन यांचा शत्रू

पूर्ण पीठापुढे वादीच्या बाजूने एक फार मोठे विधान करण्यात आले: एकाने पैसे भरल्याने दुसऱ्याचा फायदा झाला, की फायदा झालेल्याने ते परत करायचे वचन दिले आहे असे कायदा मानतो.

केन्यन यांनी ते तिथेच फेटाळले. त्यांचे उदाहरण असे: समजा मी माझ्या मित्राचे काही पैसे देणे लागतो. माझ्या एखाद्या शत्रूने जाऊन ते देणे परस्पर फेडले. वकिलांचे म्हणणे खरे धरले तर तो शत्रू माझ्या मर्जीविरुद्ध माझा सावकार होऊन बसेल.

हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कायद्याला इथे कशाची काळजी आहे ते त्यातून लगेच दिसते. मित्र सवड देईल, शत्रू देणार नाही. कुणाचे ऋणी व्हायचे हे निवडण्याचा माणसाला हक्क आहे, आणि देणे फेडल्याचा फायदा झाला एवढ्यावरून तो हक्क हिरावून घेता येत नाही. म्हणून न मागता दुसऱ्याचे देणे भरणाऱ्याला इंग्रजी कायदा आपण होऊन मध्ये पडलेला समजतो आणि हात हलवत परत पाठवतो. सक्ती हा या नियमाला अपवाद आहे. तो अपवाद का आहे हेही शत्रूच्या उदाहरणातूनच कळते: शत्रूने पैसे भरले ते स्वतःच्या मर्जीने. ज्याला मर्जीच चालवता आली नाही त्याला त्याच्या रांगेत बसवणे अन्याय आहे.

अपवादही केन्यन यांनी स्वतःच सांगितला. जामीनदाराला देणेकऱ्याचे कर्ज भरावे लागले तर ते त्याला देणेकऱ्याकडून वसूल करता येते, देणेकऱ्याने ‘भर’ असे सांगितले नसले तरी. मग एक्सॉलचे काय? एक्सॉल तर जामीनदारही नव्हता.

इथे न्यायमूर्ती ग्रोस यांनी प्रकरण दोन वाक्यांत निकालात काढले. भाडे भरल्यावाचून वादीला जप्तीतून सुटका नव्हती, त्यामुळे हे पैसे राजीखुशीने दिलेले नाहीत, सक्तीने दिलेले आहेत. अशा स्थितीत तिघांनीही परतफेडीचे वचन दिले आहे असे कायदा धरून चालतो.

न्यायमूर्ती लॉरेन्स यांनी पुढची गाठ सोडवली. शेवटी ज्याने हे पैसे सोसायचे त्या एकट्यालाच इथे जबाबदार धरणे खरे तर न्यायाचे झाले असते, हे त्यांनी मान्य केले. पण मालकाला भाडे देणे लागत होते तिघे, आणि एक्सॉलने पैसे भरताच त्या मागणीतून सुटलेही तिघे. म्हणून दावा तिघांवर चालेल. आणि केन्यन? त्यांनी सांगितले की सुनावणीच्या वेळी आपण दिलेल्या मताविषयी नंतर आपल्याला शंका आली आणि ते मत बरोबर नसावे असे आता वाटते. मुख्य न्यायाधीशाने भर पीठात आपले मत मागे घ्यावे, हे आजही सहजी घडत नाही. एक्सॉलचा दावा उभा राहिला.

सक्ती होती, पण देणे नव्हते

जागामालकाला एक्सॉलकडे एक शिलिंगही मागता आला नसता. एक्सॉल भाडेकरू नव्हता, जामीनदार नव्हता, त्याने कसलीही हमी दिली नव्हती. ‘जा, भरत नाही भाडे’ असे म्हणून तो घरी गेला असता तर त्याच्यावर दावा लागला नसता, त्याला तुरुंगात टाकता आले नसते. फक्त गाडी गेली असती.

कायद्याने याला सक्ती म्हटले. म्हणजे पैसे भरणाऱ्यावर देण्याची स्वतःची कायदेशीर जबाबदारी असलीच पाहिजे असे नाही. त्याच्या मालमत्तेवर दुसऱ्या कुणाला तरी कायद्याने दिलेला हात असला आणि तो हात सोडवायला पैसे भरावे लागले, की पुरे. ‘गाडी सोडून द्यायचा पर्याय त्याला होता की’ असे कुणी म्हणेल. न्यायालयाने तो पर्याय मोजलाच नाही, आणि ते योग्य होते. दुसऱ्याच्या भाड्यापायी आपली वस्तू गमावणे हा पर्याय धरला तर जगात सक्ती म्हणून काही उरतच नाही.

सक्तीचा आणखी एक प्रकार याच्या शेजारी ठेवून पाहावा. १७३१ च्या ‘ॲस्टली विरुद्ध रेनॉल्ड्स’ प्रकरणात एकाने चांदीची भांडी २० पौंडांना गहाण टाकली होती. तीन वर्षांनी सोडवायला गेला तेव्हा सावकाराने १० पौंड व्याज मागितले, जे कायद्याने मिळण्याजोगे नव्हते. भांडी हवी होती म्हणून त्याने ते मोजले आणि नंतर जादा रक्कम परत मिळण्यासाठी सावकारावरच दावा लावून ती मिळवली. दोन्हीकडे वस्तू अडकलेली आहे, दोन्हीकडे ती सोडवायला पैसे दिले आहेत. पण सावकाराची मागणी बेकायदा होती, म्हणून पैसे घेणाऱ्यानेच ते परत केले. एक्सॉलच्या प्रकरणात मालकाने आपल्या हक्काचे भाडे घेतले. त्याच्याकडे परत मागण्यासारखे काही नव्हते. म्हणून एक्सॉलचा रोख पैसे घेणाऱ्याकडून वळून ज्याचे देणे फिटले त्याच्याकडे गेला. पहिल्या प्रकारात दबाव गैर असतो आणि व्यवहार उलटवला जातो. दुसऱ्यात दबाव पूर्ण रास्त असतो, व्यवहार तसाच राहतो आणि बोजा फक्त योग्य खांद्यावर जातो. परीक्षेच्या पेपरात या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते, आणि वकिलीतही अधूनमधून होते.

पुढचे धागे

१८७२ च्या ‘मूल विरुद्ध गॅरेट’ प्रकरणात पुन्हा भाडेपट्टाच होता. मूळ भाडेकरू मूलने पट्टा एकाला दिला, त्याने तो गॅरेटला. गॅरेटने जागेची दुरुस्ती ठेवली नाही. मालकाने भरपाई घेतली ती मूलकडून, कारण हमी त्याची होती. मूल आणि गॅरेट यांच्यात कसलाही करार झालेला नव्हता, तरी मूलला पैसे परत मिळाले. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी तिथे मान्य केलेले सूत्र पुढे वारंवार उद्धृत झाले: ज्याला कायद्याने पैसे भरायला लावले, किंवा ज्याला लावता आले असते म्हणून त्याने भरले, आणि जे शेवटी प्रतिवादीनेच द्यायचे होते, ते प्रतिवादी वादीला देणे लागतो. यातला ‘लावता आले असते’ हा भाग व्यवहारात फार उपयोगी आहे. कोर्टाचा हुकूमनामा दारात येईपर्यंत थांबून खर्च वाढवण्याची गरज उरत नाही.

१९३७ चे ‘ब्रुक्स व्हार्फ विरुद्ध गुडमन ब्रदर्स’ हे प्रकरण बंदरातल्या गोदामातले आहे. गुडमन ब्रदर्सने रशियातून खारींची कातडी आणवली आणि ती बॉन्डेड गोदामात ठेवली. बॉन्डेड म्हणजे आयात शुल्क भरायचे बाकी असलेला माल जिथे सरकारी कुलपाखाली ठेवतात ते. कातडी चोरीला गेली. गोदामवाल्यांचा निष्काळजीपणा नव्हता. तरी कस्टम्स कायद्याप्रमाणे अशा मालाचे शुल्क गोदामवाल्याकडूनही घेता येते, म्हणून सरकारने ते त्यांच्याकडून घेतले. आयातदार म्हणाले, आमच्या हाती मालच आला नाही, आम्ही कशाला द्यायचे? अपील न्यायालयात लॉर्ड राइट यांनी आयातदारांना पैसे द्यायला लावले. शुल्काचे मूळ देणे आयातदाराचे. गोदामवाल्यावर ते टाकले आहे ते सरकारची वसुली बुडू नये म्हणून. मालाचा वापर झाला की नाही हा आयातदाराचा फायदा-तोटा, देणे फिटणे ही वेगळी गोष्ट.

राइट यांनी आणखी एक काम केले. १७९९ मध्ये ग्रोस म्हणाले होते की कायदा ‘वचन धरून चालतो’. ते बोलणे त्या काळच्या दाव्याच्या साच्यातून आले होते. पैसे वसूल करायचे तर कुणीतरी वचन दिले होते असे मांडावे लागे, मग ते काल्पनिक का असेना. एक्सॉलच्या प्रकरणातल्या बाजूला झालेल्या दोघांनी कसले वचन दिले होते? गाडी ठेवण्याच्या व्यवहारात ते नव्हतेच. राइट यांनी हा काल्पनिक करार बाजूला सारला आणि सरळ सांगितले की हे देणे कायदाच निर्माण करतो, दोन्ही पक्षांतील संबंध पाहून जे न्याय्य दिसते त्यावरून. पक्षांची संमती वा इरादा याला लागत नाही. एकशे अडतीस वर्षांनी एक्सॉलच्या विजयाला त्याचे खरे कारण मिळाले, असे मी मानतो.

सक्ती नाही कुठे, याचाही एक नमुना पाहू. १९११ मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात मॅकल्सफील्डच्या नगरपालिकेने एका पुलावरचा रस्ता दुरुस्त केला होता. दुरुस्ती रेल्वे कंपनीकडे होती. तिला सांगून झाले, तिने ऐकले नाही. रस्ता धोक्याचा झाल्यावर पालिकेने स्वतःच काम करून बिल पाठवले. पालिकेला एक पैही मिळाली नाही, कारण ती दुरुस्ती करण्याची कायदेशीर जबाबदारी पालिकेवर नव्हती आणि न केल्यास तिचे काही जप्त होणार नव्हते. लोकांच्या पायाखालचा रस्ता खचतो आहे म्हणून पुढे झालेली संस्था कायद्याच्या नजरेत केन्यन यांच्या शत्रूच्या रांगेत बसली. मला हा निकाल कोरडा वाटतो. नियमाच्या चौकटीत तो बसतो हे मान्य करावे लागते, पण रेल्वे कंपनीला फुकटचा फायदा झाला हेही तितकेच खरे.

नुसती सक्ती असूनही भागत नाही, हे १८९९ च्या ‘बॉनर’ प्रकरणात दिसले. मूळ भाडेकरूला नंतरच्यांनी थकवलेले भाडे मालकाला भरावे लागले. त्याने जागा गहाण ठेवून घेतलेल्या आणि तिचा ताबा असलेल्या संस्थेवर दावा केला. सक्ती उघड होती. पण त्या संस्थेचा मूळ मालकाशी भाड्याचा संबंधच नव्हता, ती त्याला काही देणे लागत नव्हती. जे देणे नव्हतेच ते फिटणार कसे? दावा गेला. एक्सॉलच्या खटल्यात लॉरेन्स यांनी तिघांच्या सुटकेवर एवढा भर का दिला, ते या निकालानंतर नीट समजते.

आपणच जाऊन अडकलेला माणूस

खरा कठीण प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो केन्यन यांच्या सुनावणीच्या वेळच्या मतातच लपला होता. एक्सॉलने गाडी तिथे ठेवली ती स्वतः. भाड्याच्या जागेतली वस्तू अडकू शकते हा त्या काळी सगळ्यांना ठाऊक असलेला कायदा होता. मग सक्तीच्या जागी आपल्या पायांनी चालत गेलेल्याला सक्ती झाली असे म्हणायचे का?

१८६६ च्या ‘इंग्लंड विरुद्ध मार्सडेन’ प्रकरणात कोर्टाने ‘नाही’ म्हटले. तिथे वादीने कर्जापोटी प्रतिवादीचे सामान ताब्यात घेतले होते, पण हलवले नाही, प्रतिवादीच्याच जागेत राहू दिले. मालकाने भाड्यापोटी ते धरले, वादीने भाडे भरून सोडवले. कोर्ट म्हणाले, सामान तू स्वतःच्या सोयीसाठी तिथे ठेवलेस, भोग आता. हा निकाल एक्सॉलच्या निकालाशी जुळवायचा कसा, ते मला कधीच उमगलेले नाही. एक्सॉलनेही गाडी ठेवली ती स्वतःच्या सोयीसाठीच. १८८५ मध्ये ‘एडमंड्स विरुद्ध वॉलिंगफर्ड’ प्रकरणात लॉर्ड जस्टिस लिंडली यांनी मार्सडेनच्या निकालावर उघड नापसंती दाखवली, आणि तेव्हापासून त्याला फारसा कुणी वाली उरला नाही.

पण प्रश्न तिथे मिटला नाही. १९७५ मध्ये अपील न्यायालयापुढे ‘ओवेन विरुद्ध टेट’ आले. टेट दांपत्याने बँकेकडून कर्ज घेतले होते. त्यासाठी एका स्त्रीने आपली मिळकत तारण दिली होती. तिची कागदपत्रे सुटावीत म्हणून ओवेनने, टेट दांपत्याला न विचारता, बँकेला स्वतःची हमी दिली आणि पैसेही जमा केले. कर्ज थकले, बँकेने ओवेनच्या ठेवीतून ते वसूल केले. ओवेनने टेट दांपत्यावर दावा केला. अपील न्यायालयाने तो फेटाळला. हमी दिल्यावर भरणे भाग होते खरे, पण हमी देणे कुठे भाग होते? मुळात न मागता मध्ये पडलेला माणूस पुढच्या सक्तीचा आधार घेऊ शकत नाही, निदान तसे पडण्याची काही गरज दाखवल्याशिवाय नाही.

एक्सॉल आणि ओवेन दोघेही आपण होऊन त्या जागी गेले. मग एकाला पैसे का, आणि दुसऱ्याला का नाहीत? माझ्या मते फरक आहे तो ते काय करायला गेले होते यात. एक्सॉल गाडी ठेवायला गेला होता. पार्ट्रिजच्या भाड्याशी त्याला देणेघेणे नव्हते. भाड्याचा धोका त्याच्या रोजच्या व्यवहाराला चिकटून आला. ओवेनने उचलले ते कर्जच. हा फरक मोडला तर केन्यन यांचे उदाहरणही मोडते, कारण मग शत्रूला फार काही करावे लागणार नाही: आधी बँकेत जाऊन हमीवर सही करायची, बँकेने मागितले की भरायचे, आणि ‘मला कायद्याने भाग पाडले’ म्हणत वसुलीला यायचे.

म्हणजे तत्त्व म्हणून ओवेनचा निकाल समजतो. पण त्या प्रकरणातल्या एका गोष्टीपाशी मी अडतो. बँकेने तगादा लावला तेव्हा टेट दांपत्याने ओवेनच्या ठेवीकडे बोट दाखवले, त्यातून घ्या म्हणून. हमीची कल्पना त्यांना आवडली नव्हती, पण फायदा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो हात पुढे करून घेतला. आपल्या मर्जीविरुद्ध कुणाचे ऋणी व्हायचे नसेल, तर ज्या क्षणी आपण होऊन त्याच्या पैशाने आपले कर्ज फेडायला सांगितले त्या क्षणी ती तक्रार संपायला हवी होती. कोर्टाने याला पुरेसे वजन दिले नाही.

भारतात हाच प्रश्न

मूल विरुद्ध गॅरेटचा निकाल लागला त्याच १८७२ साली भारतीय करार अधिनियम झाला. त्याचे कलम ६९ याच मुळातून फुटले आहे, पण ते वेगळ्या दिशेने वाढले. कलमात सक्तीची अट नाही. जे पैसे दुसऱ्याने कायद्याने द्यायचे आहेत ते दिले जाण्यात ज्याचे हित गुंतलेले आहे आणि म्हणून जो ते देतो, त्याला ते परत मिळवण्याचा हक्क आहे. कलमाखालचे उदाहरण बंगालमधले आहे: जमीनदाराने सारा थकवला, जमीन लिलावाला निघाली, विक्री झाली तर कुळाचा पट्टा रद्द होणार, म्हणून कुळाने सारा भरला. जमीनदाराने तो परत करायचा. या कुळाची जागा एक्सॉलच्या शेजारीच आहे. सारा त्याचे देणे नाही, पण न भरल्यास हातचे जाणार.

फरक कुठे पडतो ते मुंबईहून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (म्हणजे ब्रिटिश अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापर्यंत) गेलेल्या ‘गोविंदराम गोरधनदास सेक्सरिया विरुद्ध गोंडल संस्थान’ या १९५० च्या प्रकरणात दिसते. गिरण्या विकत घेण्याचा करार झाला होता, मालकी अजून आलेली नव्हती. आधीचे नगरपालिकेचे कर थकले होते आणि त्यापायी मालमत्ता विक्रीला जाण्याची वेळ आली होती. खरेदीदाराने कर भरले आणि विकणाऱ्याकडे मागितले. पालिकेचा त्याच्यावर हक्क नव्हता. त्याच्या मालकीची एखादी गाडीही तिने धरलेली नव्हती, कारण गिरण्या अजून त्याच्या झालेल्याच नव्हत्या. इंग्लंडमधल्या कसोटीने पाहिले तर त्याच्यावर सक्ती झाली असे म्हणायला बरीच ओढाताण करावी लागली असती. कलम ६९ खाली ती करावी लागली नाही. ज्या मालमत्तेचा त्याने सौदा केला होता ती वाचवण्यात त्याचे हित होते, तेवढे पुरले, आणि त्याला पैसे मिळाले.

खुद्द इंग्लंडमध्ये, एक्सॉलची गाडी ज्या हक्काने धरली गेली तो हक्क आता नाही. २००७ च्या कायद्याने तो रद्द केला आणि ६ एप्रिल २०१४ पासून ती तरतूद लागू झाली. तिथले व्यापारी जागांचे मालक आता ठरलेल्या पद्धतीनेच थकबाकीपोटी माल ताब्यात घेऊ शकतात, आणि तोही फक्त भाडेकरूचा स्वतःचा.